जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, रिपोर्टात पी१६ पॉझिटिव्ह, पुढे काय करायचं?

साखळीकर: माझ्या मामांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आहे, खरवडला तरी जात नाही. बायोप्सीत मॉडरेट डिस्प्लेसिया (पेशींत मध्यम बिघाड) आणि पी१६ पॉझिटिव्ह आलंय, एचपीव्ही व्हायरसची शंका लिहिलीय. मामा तंबाखू, सुपारी कशालाच शिवत नाहीत. मामी तर घाबरून गेलीय, हा व्हायरस बायकांना होतो ना? परत तुकडा काढावा लागेल का?

ओरल पॅथॉलॉजीवाली, फोंडा: कॅन्सर झालेला नाही, डिस्प्लेसिया ही त्याच्या आधीची पायरी आहे, पण अंगावर काढू नका. पी१६ म्हणजे व्हायरस नव्हे, ते आपल्याच पेशीतलं प्रोटीन. व्हायरसचं ई७ नावाचं प्रोटीन पेशीची वाढ रोखणाऱ्या आरबी नावाच्या ब्रेकला निकामी करतं, मग पी१६ भरमसाट वाढतं आणि स्लाइडवर तपकिरी रंग दिसतो. टॉन्सिल नि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये ७० टक्के किंवा जास्त पेशी गडद रंगल्या तर एवढ्यावर व्हायरस धरतात, पण तोंडात तसं चालत नाही कारण इथे व्हायरस नसतानाही पी१६ वाढू शकतं. म्हणून विचारा, रंग खालपासून वरपर्यंत सलग पट्ट्यासारखा आहे की तुटक? आणि थरात तुकडे झालेली केंद्रकं विखुरलेली दिसतात का? रंग सलग आणि केंद्रकं तशी असतील तर ई६-ई७ एमआरएनएची इन सिटू टेस्ट, म्हणजे व्हायरसची जनुकं पेशीत चालू आहेत का ते स्लाइडवरच बघणारी टेस्ट, करून खात्री होते. ती बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेल्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर होते, ब्लॉकमध्ये टिश्यू शिल्लक असला तर परत कापायची गरज नाही.

साखळीकर: टेस्ट निगेटिव्ह आली तर सुटलो?

ओरल पॅथॉलॉजीवाली, फोंडा: नाही हो! डिस्प्लेसिया तर आहेच ना, व्हायरस असो वा नसो. आपल्याकडचे बहुतेक चट्टे तंबाखू-सुपारीचे असतात, त्यात पी१६ नसतंच बहुधा, तरी त्यातले काही पुढे कॅन्सर होतात. चट्टा काढायचा का आणि किती, ते सर्जन ठरवतील, नंतरची तपासणी मात्र चुकवू नका.

म्हापशाची ताई: मामींना नीट समजावा. एचपीव्ही पुरुषांनाही होतो, तोंडातही होतो, खूप जणांना कधी ना कधी लागतो नि बहुतेकांचा आपोआप जातो. केव्हा लागला ते कुणालाच सांगता येत नाही, वर्षानुवर्षं आधीचा असू शकतो, तेव्हा घरात संशय नको. मामींनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी तेवढी करून घ्यावी.

साखळीकर: आभारी आहे. बांबोळीला डेंटल कॉलेजात दाखवायचं म्हणतोय.

ओरल पॅथॉलॉजीवाली, फोंडा: जाताना नुसता रिपोर्ट नको, जिथे बायोप्सी झाली तिथून ब्लॉक आणि स्लाइड्स दोन्ही मागून घ्या, त्यांच्यावरचा नंबर रिपोर्टाशी जुळवून बघा.