परक्या मनाची कथा ‘अंगात आलंय’ वाटू नये म्हणून काय करावं?

सीमेवरचा_वाचक
कथा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. चाळिशीतल्या बाईच्या देहात ताऱ्यांपलीकडचं मन येतं, तिचं मन तिकडं जातं. पण तिसऱ्या पानावरच वाचक म्हणतो, यल्लम्मा आली अंगात. देवीचं सौंदत्ती जिल्ह्यातच आहे, वाचकाचं काय चुकलं? फरक कसा दाखवावा? घरात आधी कोणाला कळेल?

चौंडकं
घरच्यांनाही तसंच वाटू द्या. भंडारा लावू देत, ‘कोण हैस तू? काय पायजे?’ विचारू देत. अंगात येणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: नाव, रुसवा, मागणी. राहिलेला नवस, साडीचोळी, नारळ. तुमचं पात्र काहीच मागत नाही. उलट विचारतं, हा भंडारा कशाचा करता, कुणाकुणाला लावता, आणि वहीत उतरवून घेतं. भीती तिथं आहे. घुमणं, मोकळे केस, जाड आवाज सगळं काढून टाका.

मुदतही सांभाळा. संचार उतरतो, हे उतरत नाही. अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’ या कथेतला प्राध्यापक मे 1908 मध्ये कोसळतो आणि थेट सप्टेंबर 1913 मध्ये पुन्हा स्वतः होतो. तारखा पक्क्या आहेत म्हणून मधली वर्षं अंगावर येतात.

करूलालोय
सासूला कळेल, तेही कानानं. आपल्याकडच्या बायका ‘मी येतो, मी करतो’ म्हणतात. परक्या मनानं मराठी पुस्तकातून उचलली तर ते म्हणणार ‘मी येते’. व्याकरण बरोबर, बाई चुकीची! पुण्याच्या वाचकाला हे खटकणारच नाही, म्हणून पहिल्या दोन पानांत तिच्या तोंडी चार-पाचदा ‘येतो’ पेरा. मग ‘करूलालोय’च्या जागी ‘करत आहे’ येऊ दे. बोलता बोलता मध्येच येणारे कानडी शब्दही थांबवा. कानडी तिला येतंच, पण दोन्ही भाषा ती वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्यासारखी बोलते. सासू आधी एवढंच म्हणेल, “पुण्याचं वारं लागलं काय गं?”

मज्जारज्जू
एक नेहमीची चूक टाळा: पापणी न लवणं. पापणी, श्वास, गिळणं हे मेंदूच्या खोडाकडून आपोआप चालतं. मन बदललं म्हणून थांबणार नाही. बोलताना मात्र श्वास मनाच्या ताब्यात असतो. सुरुवातीला शब्दाच्या मधेच तिचा दम संपवा.

हातांचं कसब आणि घडल्या गोष्टींची आठवण मेंदूत वेगळ्या जागी राहते. म्हणून हात भाकरी छान थापतील, पण घरात माणसं किती हे तिला माहीत नसेल. परातीसमोर बसली की थापतच राहील, पीठ संपेपर्यंत. आणि हात कसे चालतात हे ती निरखायला लागली की भाकरी फाटेल. सरावाच्या कामात लक्ष घातलं की ते बिघडतं.

सीमेवरचा_वाचक
‘येतो’ पेरतोय. पण त्या मनाला हाच मुलूख का हवा?

कलादगी_दगड
काळासाठी. डेक्कन ट्रॅप, म्हणजे दख्खनचा लाव्हाचा काळा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. गोकाकचं पाणी ज्या वालुकाश्मावरून कोसळतं तो त्याच्या निदान दहापट जुना. दोन्ही एकाच जिल्ह्यात. जागा निवडायला तेवढं पुरे, शाप-बिप नको.

सीमेवरचा_वाचक
आणि ती परत आल्यावर?

मज्जारज्जू
वरचाच नियम लावा. कसब देहाचं. त्या हातांनी वर्षभर परकी लिपी लिहिली असेल तर ती सवय इथंच राहणार. बाई ‘मी येतो’ म्हणेल, सासू सुटकेचा श्वास सोडेल, आणि परातीतल्या पिठावर तिचं बोट आपसूक फिरायला लागेल.