मदत हवी आहे: एक्स्पिडिशन ३३ मध्ये पॅरी लागंना, आणि घरात पिक्चर पण विचित्र दिसतोय

नववी_गल्ली:
कोणतरी लवकर सांगा राव, डोकं फिरलंय. क्लेअर ऑब्स्क्युअर एक्स्पिडिशन ३३ घेतलाय, सगळी म्हणत होती गेम ऑफ द इयर आहे, डोळे झाकून घे, म्हणून घेतला, स्टोरी एक नंबर त्यात वाद नाही, पण तो लॅम्पमास्टर नावाचा बॉस (मोठा शत्रू) मला उभाच राहू देईना झालाय. पॅरी, म्हणजे समोरच्याचा वार नेमक्या क्षणी अडवायचं बटण, दाबतोय, लागतच नाही. आवाज ऐकून दाबतोय तरी उशीर, अंदाजानं आधी दाबलं तर लई आधी. मित्राच्या घरात खेळलो तिथं व्यवस्थित लागतंय, म्हणजे हात माझा बरोबर आहे. गेममध्ये बग आहे का कंट्रोलर गेलाय? दुसरं म्हणजे पप्पा म्हणायलेत टीव्ही परत देऊन ये, छावा लावला तर थेटरात बघितलेला पिक्चर वाटतच नाही, शूटिंगला जाऊन बसल्यासारखं वाटतंय म्हणे. दुकानदार फोन उचलत नाही. याचं पण उत्तर असंल तर द्या. फालतू कमेंट नकोत.

शाहूपुरी_ऑफलाइन:
पीसी का पीएस५ का एक्सबॉक्स? डिफिकल्टी कुठली? टीव्ही कुठला, कधीचा? डॉक्टरकडं जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

हॉर्नेटभक्त:
टर्न बेस्ड गेममध्ये आपली पाळी येईपर्यंत गप मार खायचा हे मला कधी पटलं नाही. भावा ते सोड आणि सिल्कसाँग हा गेम घे. ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा गर्दीनं ऑनलाइन स्टोअरं आडवी झाली होती, आणि बनवणारी टीम ॲडिलेडची, हाताच्या बोटावर मोजावी एवढी माणसं. किंमत पण निम्म्याहून कमी. अवघड म्हणतात पण न्याय आहे त्यात, चूक केली की कळतंय.

शाहूपुरी_ऑफलाइन:
न्याय आहे म्हणे. बाहेर आल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यांनीच पॅच काढून सुरुवातीचे दोन बॉस थोडे सोपे केले की. आणि पोरानं दुसरा गेम विचारलाय कुठं?

नववी_गल्ली:
पीएस५. कंट्रोलर त्याच्याबरोबरच आलेला. डिफिकल्टी मधली. मी गेम बदलणार नाही, पैसे घातलेत.

आळशी_अर्जुन:
सोपं आहे, ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ऑटोमॅटिक क्यूटीई चालू कर. बटणं आपोआप दाबली जातात. मी तसाच संपवला, कुणाला सांगू नका.

इची_लूमवाली:
अर्जुनदादा, ते आपण हल्ला करताना जी बटणं येतात त्यासाठी आहे. समोरचा मारतो तेव्हाचा डॉज (वार चुकवणं) आणि पॅरी ऑटो होत नाही, ते आपल्यालाच करायला लागतं. तुम्ही संपवला असेल तर स्टोरी डिफिकल्टीवर संपवला असणार.

आळशी_अर्जुन:
बरं मग स्टोरीवर टाक. कधीही बदलता येतंय, परत वर नेता येतंय. त्यात काय लाज?

हॉर्नेटभक्त:
मग खेळायचं कशाला, यूट्यूबवर कुणीतरी खेळलेला बघत बस.

आळशी_अर्जुन:
दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभा असतो मी. रात्री तासभर मिळतो, त्यात बॉसच्या लाथा खाऊ? गेममध्ये आवाज दिलेल्या चार्ली कॉक्सला ऐकायचंय, गोष्ट बघायचीय, झालं. त्या गोष्टीत दरवर्षी एक आकडा एकानं कमी होतो आणि त्या वयाची माणसं डोळ्यादेखत उडून जातात, पहिल्या अर्ध्या तासात मी तर बायकोला हाक मारून दाखवलं. असली सुरुवात गेल्या दोन वर्षांत एका हिंदी पिक्चरची सांगा मला.

पेठेतला_काका:
मी गेम खेळत नाही पण छावाबद्दल लिहिलंय म्हणून आलो. तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. पिक्चर थेटरातच बघायचा. तसंही विकी कौशल सोडला तर पहिला अर्धा भाग तुटक आहे, लढाया झाल्या की लढाया, शेवटच्या अर्ध्या तासानं तारलंय. त्यापेक्षा दशावतार बघा, दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी जे करून गेलेत ते बघून खुर्चीत नीट बसलो मी.

मिसळ_आणि_मल्टिप्लेक्स:
काका छावाच्या शेवटाला आख्खं थेटर उभं होतं, तुटक कसलं. संगीत तेवढं जमलं नाही हे मान्य. दशावतार चांगलाच आहे पण दुसऱ्या भागात लांबतो.

पेठेतला_काका:
थेटर उभं राहिलं ते महाराजांसाठी, दिग्दर्शकासाठी नव्हे.

नववी_गल्ली:
अहो माझं पॅरीचं काय??

इची_लूमवाली:
सांगते, आधी नीट उत्तरं द्या. १) आवाज कशातनं येतो, टीव्हीतनं, साउंडबारमधनं का हेडफोनमधनं? २) टीव्हीचा पिक्चर मोड कुठला आहे? ३) गेमच्या ग्राफिक्समध्ये क्वालिटी आहे का परफॉर्मन्स? आणि मित्राकडं टीव्ही होता का मॉनिटर?

नववी_गल्ली:
मित्राकडं मॉनिटर. त्याचा काय संबंध? आवाज हेडफोनमधनं, ब्लूटूथ, रात्री मम्मी झोपलेली असते. मोड बिड माहीत नाही, दुकानातनं आला तसाच आहे, लई झगमगीत दिसतंय. गेममध्ये परफॉर्मन्स.

इची_लूमवाली:
हं, मग सापडलं. पीएस५ ला साधा ब्लूटूथ हेडफोन थेट जोडताच येत नाही, म्हणजे तुम्ही तो टीव्हीला जोडलाय. ब्लूटूथचा आवाज पोचायला उशीर होतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज. आणि तुम्ही आवाजावर पॅरी दाबताय! म्हणजे शत्रूनं मारून झाल्यावर तुम्हाला ऐकू येतंय. साधा वायरचा हेडफोन घ्या, कंट्रोलरला खाली ३.५ चं भोक आहे त्यात घाला. हे झालं निम्मं.

उरलेलं निम्मं टीव्हीत आहे आणि तेच पप्पांचं पण दुखणं आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. नवीन टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या नसलेल्या फ्रेम स्वतःच अंदाजानं बनवून घालतो, म्हणून हालचाल गुळगुळीत होते आणि पिक्चर मालिकेसारखा, शूटिंग बघितल्यासारखा दिसतो. आता मधली फ्रेम बनवायची तर पुढची फ्रेम हातात यायला पाहिजे ना? म्हणजे टीव्ही चित्र अडवून धरतो, प्रक्रिया करतो, मग दाखवतो. असल्या सगळ्या उद्योगात शंभर मिलिसेकंदाच्या आसपास उशीर होऊ शकतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदाची, म्हणजे तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून बटण दाबताय. सिनेमा बघताना हा उशीर कळत नाही कारण टीव्ही आवाज पण तेवढाच मागं ठेवतो. गेममध्ये बटण तुमच्या हातात असतं, तिथं कळतंय. मॉनिटर यातलं काहीच करत नाही, म्हणून मित्राकडं तुमचा हात बरोबर. टीव्हीत गेम मोड असतो, तो लावा, म्हणजे हे उद्योग बंद होतात.

हॉर्नेटभक्त:
पण फ्रेम जास्त म्हणजे चांगलंच की. गेम ३० वर चालला तर आपण बोंब मारतो, ६० पाहिजे, १२० पाहिजे. मग सिनेमाला का नको? लोकांना जुनी सवय आहे एवढंच.

शाहूपुरी_ऑफलाइन:
गेममधल्या ६० फ्रेम खऱ्या काढलेल्या असतात, टीव्हीनं मध्ये घुसडलेल्या नाहीत, फरक आहे. आणि खरोखर ४८ फ्रेमवर शूट करून पण बघितलंय, २०१२ चा हॉबिट, तेव्हा पण निम्मी जनता म्हणाली सेट नकली दिसतोय, दाढ्या चिकटवलेल्या दिसतायत. २०१८ ला तर टॉम क्रूझनं विमानाच्या पिक्चरच्या सेटवरनं व्हिडिओ टाकला होता, की बाबांनो टीव्हीतलं हे सेटिंग बंद करा. नववी गल्ली, कंपनी सांग म्हणजे सेटिंग कुठंय ते सांगतो. सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. प्रत्येकानं वेगळं नाव ठेवलंय, सापडायला नको म्हणून ठेवल्यासारखं.

पेठेतला_काका:
फ्रेमचं निघालं म्हणून सांगतो. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि त्यावर सैरंध्री काढला, १९२० ला. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे, जेवढं एकसारखं फिरवाल तेवढं चित्र एकसारखं. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज तिथनं गाड्या घालता, कधी थांबून बघितलाय? शांतारामबापू तिथंच शिकले, मग १९२९ ला प्रभात इथंच सुरू झाली आणि पुण्याला नेली. आपल्याकडचं सगळं पुण्याला जातं.

मिसळ_आणि_मल्टिप्लेक्स:
काका गेम बनवणारे पण पुण्यातच आहेत. राजी नावाचा गेम आलेला २०२० ला, पुण्याच्या स्टुडिओचा, दुर्गेचा त्रिशूळ घेऊन पोरगी भावाला शोधते. छोटा आहे पण भिंतीवरची चित्रं, वाडे, सगळं आपलं वाटतं. मारामारी जरा कच्ची आहे. कोल्हापुरात असला गेम कोण काढणार कधी? पन्हाळ्याची रात्र, पाऊस, पालखी, पावनखिंड, आयता गेम आहे राव.

टीव्ही_सल्लागार:
टीव्ही परतच द्या आणि ओलेड घ्या. काळा रंग काळा दिसतो. आणि कोल्हापूरचा पाऊस बघता पीएस५ ला यूपीएस लावला का? माझा एक वळवाच्या पावसात उडाला.

नववी_गल्ली:
ओलेडचे पैसे तुम्ही देणार का? ताई, गेम मोड सापडला, चालू केला. पण छावा अजून तसाच दिसतोय.

इची_लूमवाली:
कारण पिक्चर मोड प्रत्येक इनपुटला वेगळा असतो. तुम्ही एचडीएमआयवर गेम मोड लावला, पप्पा पिक्चर टीव्हीतल्याच ॲपवर बघतात. ॲप चालू असतानाच सेटिंगमध्ये जा आणि मोशनचं जे काही असेल ते बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, तो बऱ्याच नव्या टीव्हीत असतो. पीएस५ च्या स्क्रीन अँड व्हिडिओत एएलएलएम (टीव्हीला आपोआप गेम मोडवर नेणारं सेटिंग) आहे, ते ऑटोमॅटिक ठेवा, टीव्ही साथ देत असेल तर गेम लावला की मोड आपोआप बदलेल.

आणि लगेच पॅरीच्या मागं लागू नका. आधी नुसता डॉज करा, त्याला वेळ जास्त मिळतो. डॉजला "परफेक्ट" यायला लागलं की समजा त्याच क्षणी पॅरी पण लागणार, मग तिकडं वळा.

जुना_खेळाडू:
लॅम्पमास्टरचं सांगतो. तो मोठ्या हल्ल्याची तयारी करतो तेव्हा दिवे एकामागनं एक पेटवतो, तो क्रम लक्षात ठेवायचा आणि आपल्या पाळीला नेम धरून त्याच क्रमानं दिवे फोडायचे, मग हल्ल्याचा जोर कमी होतो. क्रम चुकला तर उपयोग नाही. मोबाइलवर टिपून ठेव सरळ. आणि तो मेल्यावर मन घट्ट कर कारण [स्पॉयलर काढला – संपादक]

आळशी_अर्जुन:
अरे संपादकांनी काढायच्या आत मी वाचलं असतं तर! बरं मी तर संपवलाय. तरी पण असलं लिहू नये.

जुना_खेळाडू:
एप्रिल २०२५ चा गेम आहे, किती दिवस लपवायचं?

शाहूपुरी_ऑफलाइन:
तो बॉसवर अडकलाय, त्याच्याच धाग्यावर बॉसच्या पुढचं सांगतोस, आणि वर तारीख दाखवतोस.

नववी_गल्ली:
मी वाचलं नाही, बरं झालं. वायरचा हेडफोन लावला, फरक लगेच कळला, आता डॉजला परफेक्ट येतंय, पॅरी दोनात एक लागायला लागली. लॅम्पमास्टर अजून पडला नाही पण दिव्यांचं मला माहीतच नव्हतं, मी नुसता त्याला बडवत होतो. पप्पांचा छावा पण नीट झाला, परत द्यायचं रद्द. आता मम्मी म्हणते टीव्ही पिवळट आणि अंधारा दिसतोय, मालिकेतल्या साड्यांचे रंग गेले. सगळ्यांना वेगवेगळं ठेवता येतं का?

इची_लूमवाली:
मम्मी मालिका सेट टॉप बॉक्सवर बघत असतील तर तो वेगळ्या एचडीएमआयवर असणार, तिथं त्यांना स्टँडर्ड किंवा व्हिव्हिड ठेवा, मोशन पण चालू राहू दे, मालिकेला काही बिघडत नाही. फक्त मोड बदलताना "सगळ्या इनपुटला लागू करा" असं विचारलं तर नाही म्हणा. तिथंच तुमच्याकडनं हो झालं असणार.

नववी_गल्ली:
हो झालंय. मालिका संपल्यावर बदलतो, आता रिमोट मिळणार नाही.

टीव्ही_सल्लागार:
यूपीएसचं उत्तर दिलं नाही.