स्मॉल सेल फुप्फुस कर्करोग: ईआरसीसी१ चे आकडे जुळत नाहीत

प्रश्न: पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यातून) आरएनए काढून क्यूपीसीआरने (आरएनएचे प्रमाण मोजणारी चाचणी) ईआरसीसी१ (डीएनए दुरुस्त करणारे जनुक) मोजला. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला दाद न देणाऱ्या गाठींत तो वाढलेला दिसायला हवा, पण आकडे विखुरलेले येतात. चूक कुठे?

उत्तर १: आधी ब्लॉक पाहा. स्मॉल सेलच्या बायोप्सीत पेशी चिरडलेल्या असतात, मृत भागही भरपूर. एच अँड ई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर गाठ आखून तेवढाच भाग खरवडा, नाहीतर लिम्फोसाइटांचाच (पांढऱ्या रक्तपेशींचाच) आरएनए मोजला जातो. फॉर्मलिनने आरएनएचे तुकडे होतात, म्हणून अँप्लिकॉन (पीसीआरमध्ये वाढवला जाणारा तुकडा) ६० ते १०० बेसजोड्यांचा ठेवा. तुलनेसाठी एकट्या जीएपीडीएच या संदर्भ जनुकावर विसंबू नका. अशी दोन-तीन जनुके घ्या.

उत्तर २: खरी मेख वेगळीच आहे. ईआरसीसी१ चे चार आयसोफॉर्म (एकाच जनुकापासून बनणारे वेगवेगळे प्रकार) असतात आणि सिस्प्लॅटिनची इजा दुरुस्त करतो तो फक्त २०२. प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते छोटे तुकडे) चौघांच्या सामाईक भागावर असतील तर सगळ्यांची बेरीज मिळते. ईआरसीसी१ प्रथिन रंगवणाऱ्या ८एफ१ अँटिबॉडीलाही हा फरक कळत नाही.

उत्तर ३: मी ईआरसीसी१ च्या आधी एसएलएफएन११ (दुसरे एक जनुक आणि त्याचे प्रथिन) पाहीन. तो दुरुस्ती करत नाही. इजा झालेल्या पेशीतले रेप्लिकेशन (डीएनएची प्रत बनणे) कायमचे रोखून तिला मारतो. म्हणजे इथे औषधाला प्रतिकार येतो तो त्याची अभिव्यक्ती (जनुकापासून प्रथिन बनणे) घटल्याने! केमोनंतर ईझेडएच२ नावाचा एन्झाइम एसएलएफएन११ चे जनुक बंद पाडू शकतो, त्यामुळे उपचारापूर्वीच्या ब्लॉकवरून उलटलेल्या गाठीचा अंदाज बांधू नका.

प्रश्नकर्ता: एसएलएफएन११ साठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने प्रथिन रंगवणे) चालेल?

उत्तर ३: चालेल. केंद्रकातलाच रंग मोजा, एच-स्कोअर (रंगाची तीव्रता आणि रंगलेल्या पेशींची टक्केवारी मिळून) ० ते ३००. शेजारचे लिम्फोसाइट रंगलेच नसतील तर ती स्लाइड बाद.