केशरोपणानंतर डोक्यामागचे व्रण कमीत कमी कसे राहतील?

प्रश्न

माझे वय 32 आहे. पुढचे केस बरेच विरळ झाल्याने केशरोपण करून घेण्याचे ठरवत आहे. एका डॉक्टरांनी डोक्यामागची कातडीची पट्टी काढण्याची पद्धत, म्हणजे एफयूटी, सुचवली; दुसऱ्या ठिकाणी एकेक केसमूळ सुटे काढण्याची पद्धत, म्हणजे एफयूई, सुचवून ‘यात व्रण राहतच नाही’ असे सांगण्यात आले. मागचे केस मी नेहमी मशीनने बारीक ठेवतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. माझ्या दंडावरचा बीसीजी लसीचा वणही जाड आणि उंचवट्यासारखा झाला आहे. त्याचा येथे काही संबंध येतो का?

प्रतिसाद 1

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी दंडावरच्या वणाबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तो वण मूळ जखमेच्या कडेबाहेर पसरला असेल, खाजत किंवा दुखत असेल, तर ते केलॉइड असू शकते. दंड आणि छाती या केलॉइड सहज होणाऱ्या जागा असल्याने दंडावर झाले म्हणजे डोक्यावरही होईलच असे नाही. तरीही शस्त्रक्रियेआधी हे तपासून घेतलेच पाहिजे. शंका उरल्यास मोजकेच ग्राफ्ट (रोपणासाठी काढलेले मुळासकट केसांचे छोटे पुंजके) काढून काही महिने ती जागा कशी भरते हे पाहता येते.

‘व्रण राहतच नाही’ हे विधान चुकीचे आहे. एफयूटीत एक लांब रेघ राहते, तर एफयूईत प्रत्येक ग्राफ्टमागे एक बारीक ठिपका राहतो, आणि आपल्या सावळ्या वर्णावर हे पांढुरके ठिपके जास्त उठून दिसतात. ग्राफ्ट काढण्यासाठी कातडीत गोल छिद्र पाडणाऱ्या पंच या अवजाराचा व्यास 1 मिमी घेतला तर प्रत्येक छिद्राचे क्षेत्रफळ 0.8 मिमी पंचच्या दीडपटीहून थोडे अधिक भरते. 0.8 मिमीच्या पंचने 3000 ग्राफ्ट काढले तरी सगळ्या छिद्रांचे मिळून सुमारे 15 चौरस सेंटिमीटर होतात. मात्र पंच फार लहान घेतला तर केसांची मुळे कापली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून केसांची जाडी आणि कातडीखालचा त्यांचा कल पाहूनच पंच निवडावा लागतो.

याहून मोठे नुकसान होते ते एकाच पट्ट्यातून दाटीने ग्राफ्ट काढल्याने. तेथे कसर लागल्यासारखे विरळ चट्टे पडतात आणि ते भरून काढायला पुरेसे केस उरत नाहीत. त्यामुळे ग्राफ्ट मोठ्या भागातून, विखरून आणि सुरक्षित पट्ट्यातूनच, म्हणजे जेथले केस सहसा गळत नाहीत त्या भागातूनच, घेतले जावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मानेलगतचे केस वयानुसार विरळ झाले असतील, तर इतक्या खालून काढू देऊ नका. पुढे तुमचेही केस तेथून गेल्यावर ठिपके उघडे पडतील.

प्रतिसाद 2

माझी एफयूटी सहा वर्षांपूर्वी झाली. पट्टी रुंद घेतली गेली होती आणि टाके घालताना कातडी फार ताणली गेली होती, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. त्यात भर म्हणून तिसऱ्याच आठवड्यात मी व्यायामशाळेत वजने उचलायला सुरुवात केली. कोणी मना केले नव्हते. आज तो व्रण मध्यभागी जवळपास 5 मिमी रुंद आहे. न्हावी मागे मशीन फिरवताना दरवेळी तेथे थांबतो आणि ‘येथे काय झाले होते?’ असे विचारतो. आता मी मागचे केस दोन बोटे लांब ठेवतो. जे विचारायचे ते आधी विचारा, एवढीच कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एफयूटी करावीच लागली, तर डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

प्रतिसाद 1

मागची कातडी किती सैल आहे हे हाताने तपासून पट्टीची रुंदी ठरवली जाईल का, हे विचारा. साधारण 1 ते 1.5 सेंटिमीटरच्या पुढे जाताना फार जपावे लागते. दुसरे, ट्रायकोफायटिक पद्धतीने टाके घालणार का? यात जखमेच्या एका कडेचा वरचा पातळ थर काढून मग कडा जुळवतात, त्यामुळे तेथले केस व्रणातूनच उगवतात आणि रेघ बरीच झाकली जाते. धूम्रपान करत असाल तर ते आधीपासून बंद ठेवा, जखम भरायला त्याने अडथळा येतो. शस्त्रक्रियेनंतर मान खाली घालून ताण देणे आणि जड उचलणे निदान काही आठवडे टाळा.

तरीही, मशीनने बारीक केस ठेवायचे असतील तर तुमच्यासाठी मी एफयूटी सुचवणार नाही. एफयूईतही छिद्रे पाडण्याचे काम डॉक्टर स्वतः करणार की सहायक, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्या.