फॉइल लावलेल्या मिगवर वर्तुळचिन्ह कसे रंगवावे?

प्रश्न (कोथरूड): मिग-२१ एफएलच्या १/४८ प्रतिकृतीवर घरगुती ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली आहे. हवाई दलाचे वर्तुळचिन्ह डेकलऐवजी (चिकटवायच्या छापील चित्राऐवजी) रंगवण्याचा विचार आहे. परंतु चाचणीच्या तुकड्यावर मास्किंग टेपबरोबर रंगाची कडही सालीसारखी निघाली. रंग टिकावा म्हणून काय करावे?

उत्तर १: रंगातील द्रावक प्लॅस्टिकला किंचित चावतो, फॉइलला मात्र नाही, म्हणून रंग तिच्यावर नुसता टेकलेला राहतो. बोटांचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, चिन्हापुरतीच जागा उघडी ठेवून लॅकर प्रायमरचा (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या लेपाचा) अगदी पातळ थर द्यावा. प्रायमर सर्वत्र मारल्यास जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चमकच झाकली जाईल. पुण्यात पावसाळी दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, तेव्हा कोरडा दिवस पाहावा.

उत्तर २: आधी पूर्ण वर्तुळ पांढरे करावे, ते वाळल्यावर बाहेरचे केशरी कडे आणि शेवटी मधला हिरवा गोल रंगवावा. टेप आधी स्वच्छ कापडावर दाबून तिचा चिकटपणा कमी करावा; काढताना ती वर न उचलता स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागालगत सावकाश ओढावी.

उत्तर ३: माझे मत थोडे वेगळे आहे. कंपास कटरने चिन्हाच्या आकाराची फॉइल कापून काढली आणि खालचा गोंद स्वच्छ केला, तर रंग थेट प्लॅस्टिकवर बसतो. फॉइल इतकी पातळ असते की कडेची पायरी जाणवत नाही. मात्र पाते नवे हवे, अन्यथा कड फाटते.