थायरॉईडला नुसतं टीएसएच पुरे की अख्खं प्रोफाईल करायचं?

अबोली:
आईला हल्ली सारखा थकवा, केस गळतायत, वजनपण वाढलंय. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त टीएसएच लिहिलंय, आणि लॅबमध्ये विचारायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणे पॅकेजच घ्या ना ताई, टी३ टी४ (थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स), अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) सगळं येतं त्यात. मला तर ही लूट वाटते. थायरॉईड जरा कमी पडायला लागलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी आधी आरडाओरडा करते, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं तिचं हार्मोन, टीएसएच, वाढतं, टी४ खाली यायच्या आधीच. मग बाकीचं कशाला?

भटक्या:
साफ चूक! माझ्या बहिणीचं टीएसएच नॉर्मल म्हणून वर्षभर तिला "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकवलं. बाळंतपणात तिचं खूप रक्त गेलेलं, दूधही आलं नव्हतं. शेवटी फ्री टी४ (रक्तात मोकळं असलेलं टी४) केलं तर तळाला. त्या रक्तस्रावाने बिघाड पिट्युटरीतच झाला होता. राखणदारच आजारी पडला तर ओरडणार कोण?

लॅबवाला:
भटक्या, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, पण ही हिस्ट्री कुणी नीट विचारली असती तर फ्री टी४ पहिल्याच दिवशी लिहिलं गेलं असतं. त्यासाठी गावातल्या प्रत्येकाला पॅकेज कशाला? मी स्वतः लॅबमध्ये काम करतो, तरी सांगतो. पॅकेजमध्ये बऱ्याचदा टोटल टी३-टी४ (प्रोटीनला चिकटलेलं धरून सगळं) असतं, फ्री नसतं. गरोदर बाई असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टोटल वाढलेलंच येतं, कारण हार्मोन वाहून नेणारं प्रोटीन वाढलेलं असतं, आणि लोक उगाच घाबरून फोन करतात. टी३ चा खरा उपयोग थायरॉईड जास्त असेल तेव्हा, कमी असलेल्यात ते बरेच दिवस नॉर्मल दिसू शकतं. आणि थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला की पंधरा दिवसात टेस्टला पळू नका रे, ६ ते ८ आठवडे जाऊ द्या.

निंबोणी:
अँटी-टीपीओला नावं ठेवू नका हं. माझं टीएसएच ६.८, म्हणजे थोडं वाढलेलं, फ्री टी४ नॉर्मल, गोळी द्यावी की थांबावं यात डॉक्टरच अडकलेले. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे पुढे थायरॉईड कमी व्हायची शक्यता जास्त, म्हणून आता लक्ष ठेवून आहोत. पण एकदाच केली, दर सहा महिन्यांनी नाही.

भटक्या:
तेच म्हणतोय मी, एकदा तरी करा. हॉटेलातलं एक जेवण कमी करा हवं तर.

लॅबवाला:
निंबोणीचं टीएसएच आधी वाढलेलं आलं, मग पुढची टेस्ट झाली. हाच क्रम बरोबर आहे. अबोली, आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत नाहीत ना? त्याने काही मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येतं.

अबोली:
अगंबाई, पार्लरवालीने दिल्यात! डबीवर बायोटिनच लिहिलंय. उद्याच जाणार होतो.

लॅबवाला:
उद्या नका येऊ. त्या बंद करा, दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग या. डॉक्टरांनापण ती डबी दाखवा.

भटक्या:
आणि बाळंतपणाचंही सांगा त्यांना, मागचं असलं तरी.