रविवारची चर्चा दर वेळी हमरीतुमरीवर येते, काय करावं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आम्ही दहा-बारा जण रविवारी सकाळी रंकाळ्याला फेरी मारून झाली की तासभर बसतो आणि एखादा प्रश्न चर्चेला घेतो. न्याय म्हणजे सगळ्यांना एकच माप का, दैव म्हणून काही असतं का, अशा धाटणीचे. निवृत्त शिक्षक आहेत, दोन वकील, दोघं गुऱ्हाळवाले, कॉलेजची पोरं आहेत. वाचन सगळ्यांचं बऱ्यापैकी. तरी वीस मिनिटांत दोन तट पडतात, आवाज चढतो आणि शेवटी ज्याचा घसा मोठा त्याचं खरं ठरतं. सध्या "माणूस मुळात स्वार्थीच असतो" या एका वाक्यावर गाडं अडलंय. बैठक मोडू नये असं मनापासून वाटतं. बोलायची काही रीत असेल तर सांगा. उपदेश नको, नेमकं काय करायचं तेवढं हवंय.

पूर्वपक्ष
रीत आहे, आणि आपल्याकडे फार जुनी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार वेगळे काढलेत. खरं काय ते कळावं म्हणून बोलणं हा वाद. काहीही करून जिंकायचं हा जल्प. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची, ही वितंडा. तुम्ही वादाला बसता आणि जल्पात शिरता. वकिलांना दोष देऊ नका, त्यांच्या कामात जिंकणं हेच कर्तव्य असतं. म्हणून सुरुवातीलाच "आज वाद" असं तोंडाने म्हणून घ्या. कोणी नुसतंच खोडत सुटला तर त्याला एवढंच विचारा, "मग तुमचं म्हणणं काय?"

दुसरं, विधान पाच पायऱ्यांत मांडायला लावा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. तुमचंच वाक्य घेऊ.
प्रतिज्ञा: आजारी पोरासाठी रात्रभर जागणारी आईही स्वार्थी आहे.
हेतू: कारण जागण्यातून तिला समाधान मिळतं.
उदाहरण: ज्यातून करणाऱ्याला समाधान मिळतं ते स्वार्थाचंच असतं, जसं दुकानदाराचं नफ्यासाठी विकणं.
उपनय: आईचं जागणंही तसंच.
निगमन: म्हणून ती स्वार्थी.

आता भांडण नेमकं कुठे आहे ते दिसतं. सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे, "ज्यातून समाधान ते स्वार्थाचं" या व्याप्तीवर, म्हणजे सरसकट नियमावर, आणि तीच कच्ची आहे. समाधान हे कृतीचं फळ आहे की कृतीचा उद्देश, याचा तिथे घोटाळा झालाय. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीकडे अनोळखी माणसांना नावेतून बाहेर काढणाऱ्याला नंतर बरं वाटलं असेलच. पण माणूस वाचावा अशी आस त्याला आधी असल्याशिवाय तो वाचल्याचं समाधान आलं कुठून? इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जोसेफ बटलर या तत्त्वज्ञाने स्वार्थवादाला हेच उत्तर दिलं होतं. हेतू (दिलेलं कारण) आहे पण साध्य (सिद्ध करायची गोष्ट) नाही असं एक जरी ठिकाण सापडलं, तरी तो सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण न टिकणारं कारण. तिथे हेतू बदलायचा किंवा प्रतिज्ञा आवरती घ्यायची, आवाज वाढवून उपयोग नाही.

छलाकडेही, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ धरून अडवण्याकडेही, लक्ष असू द्या. "सगळं गाव म्हणतंय" यावर "गाव कसं बोलेल?" असं कोणी अडवलं तर तो उपचारछल, लाक्षणिक बोलणं शब्दशः धरणं. तिथे वेळ घालवू नका, पुढे चला.

मनोव्यापार
वरची मांडणी चोख आहे, पण ती माणसाच्या स्वभावाशी झुंजते हे धरून चाला. आपण मत आधी धरतो आणि मग त्याला पुरावे गोळा करतो. हे तुमच्या लोकांना प्रत्यक्ष दाखवता येतं, दहा मिनिटं लागतात. १९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग आहे. एकाने मनात नियम धरायचा आणि नियमात बसणारे आकडे म्हणून २, ४, ६ सांगायचे. बाकीच्यांनी तीन-तीन आकडे सुचवायचे, त्याने फक्त "बसतं" किंवा "बसत नाही" म्हणायचं. लोक ८, १०, १२ सांगतात, मग २०, २२, २४, आणि छातीठोकपणे म्हणतात की दोन-दोनने वाढणारे सम आकडे. नियम मात्र एवढाच असतो की आकडे चढते हवेत. १, ७, ५० किंवा ९, ५, १ विचारून स्वतःचं मत मोडायचा प्रयत्न बहुतेक जण करतच नाहीत. हा खेळ झाल्यावर "तुमच्या मताच्या विरोधात कोणतं उदाहरण जाईल?" हा प्रश्न कोणाला टोचत नाही.

दुसरी अडचण गर्दीची. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेघांची लांबी ओळखायला लावली होती. उत्तर डोळ्यांसमोर होतं, तरी बाकीचे सगळे एकमुखाने चुकीचं बोलले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस त्यांची री ओढायचा. एक जण जरी खरं बोलला, तर हे प्रमाण आधीच्या जवळपास चौथाईवर यायचं. म्हणून बोलायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळीत मत आणि एक कारण लिहावं, नाव घालू नये. चिठ्ठ्या एकत्र करून एकाने वाचाव्यात. पहिल्यांदा ज्येष्ठ बोलले की कॉलेजच्या पोरांचं मत तिथेच गळतं, ते अशाने वाचेल. आणि दहा-बारा जण एका वर्तुळात फार होतात. पाच-सहाचे दोन गट करून शेवटची पंधरा मिनिटं एकत्र या.

रंकाळाकाठ
मनापासून आभार. चिठ्ठ्या येत्या रविवारपासून सुरू करतो. एक शंका आहे. एक जण प्रत्येक वेळी म्हणतो, "सगळेच आपापल्या जागी बरोबर, सोडा आता." भांडण मिटतं पण चर्चाही तिथेच संपते. त्याला काय म्हणायचं?

स्यात्
हा माणूस बहुधा अनेकांतवादाच्या, म्हणजे एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात या जैन मताच्या, जवळचं काहीतरी म्हणतोय, पण अर्धंच. आपल्या भागात जैन परंपरा घरोघरची असल्याने अनेकांत हा शब्द कानावरून गेलेला असतो आणि त्याचा अर्थ "सगळ्यांचंच खरं" असा घेतला जातो. तसा तो नाही. त्याच मताची बोलायची रीत म्हणजे स्याद्वाद, आणि तो सांगतो की विधान कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या बाजूने पाहिलं तर, खरं आहे ते बोला. ही अपेक्षा चार बाजूंनी बांधायची: द्रव्य, क्षेत्र, काल, भाव. म्हणजे कशाबद्दल बोलताय, कुठलं, केव्हाचं, आणि कोणत्या स्थितीत. हे चार न सांगता "सगळेच बरोबर" म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

तुमचा न्यायाचा प्रश्न यावर घासून बघा. "सगळ्यांना एकच माप म्हणजे न्याय" हे हवेतलं वाक्य. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम समोर ठेवा. द्रव्य: संस्थानच्या नोकऱ्या. क्षेत्र: करवीर (कोल्हापूर) संस्थान. काल: शिक्षण आणि वरच्या जागा मोजक्याच जातींकडे असतानाचा. भाव: ज्या कार्यालयात मागासलेल्या वर्गांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्या वर्गांतून करायची. नियमातच त्याची अट सांगितलेली आहे हे बघा. आता विरोध करणाऱ्याला नेमकं बोट ठेवावं लागतं: काल बदलला म्हणतोस की भाव? समर्थकालाही तेच सांगावं लागतं. दोन्ही बाजू बरोबर असतील तर त्या कोणत्या अपेक्षेने, हे कागदावर उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर त्यातली एक चूक आहे, आणि ते सभ्यपणे सांगायला हरकत नाही.

स्वार्थाचंही तसंच. बाजारात दर करताना माणूस स्वतःचं बघतो हे खरं, तेवढ्यावरून "मुळात" आणि "स्वार्थीच" येत नाही. तुमच्या वाक्यातली भांडखोर जागा या दोन शब्दांत आहे.

घाटावरचा
सगळं पटलं, पण एका बैठकीत एवढे नियम लादलेत तर गुऱ्हाळवाले पुढच्या रविवारी येणार नाहीत. पाच पायऱ्या, चार अपेक्षा, तीन प्रकार, याचं पाठांतर होऊन बसेल. माझ्या मते एकाच नियमाने सुरुवात करा: समोरच्याचं म्हणणं आधी तुमच्या शब्दांत मांडा, त्याने "हो, हेच म्हणतोय" म्हटल्यावरच उत्तर द्या. शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी मांडतात ती यासाठीच. निम्मी भांडणं इथेच विरतात, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत असतात. मात्र मांडणी पडेल अशी करू नका, स्वतः त्याच बाजूचे असता तर जशी केली असती तशी भक्कम करा. बोलायला दोन मिनिटं, घड्याळ लावून. वेळ बघणारा दर आठवड्याला बदला, नाहीतर तोच अध्यक्ष होऊन बसतो.

पूर्वपक्ष
हे मान्य. पाच पायऱ्या रोज नकोत. गाडं अडलं की त्या वेळीच कागद काढा आणि फक्त तिसरी पायरी लिहायला लावा, "ज्याज्या ठिकाणी हे, त्यात्या ठिकाणी ते". बोलताना चालून जाणारं वाक्य लिहायला घेतलं की हात थांबतो.

मनोव्यापार
शेवटी चिठ्ठ्या पुन्हा लिहून घ्या, सुरुवातीच्या शेजारी ठेवा. मत बदललं का हे विचारू नका, लोक हट्टाला पेटतात. कारण बदललं का तेवढं बघा. मत तेच राहून कारण सुधारलं असेल तर तास सत्कारणी लागला. आणि महिनाभर दोन्ही चिठ्ठ्यांत शब्दन्‌शब्द तोच येत असेल तर प्रश्नच बदला, "स्वार्थी का?" ऐवजी "कोणत्या वेळी माणूस स्वतःचं बघत नाही?" असा.

रंकाळाकाठ
हा प्रश्न आवडला, येत्या रविवारी हाच घेतो. पूर्वपक्ष मांडायचं काम दोन्ही वकिलांकडे देतो, प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची.